सात नंबरचा ओके

माझ्या मावशीने घरात कधी कुणाला 'ओके' म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'बरं' म्हणेल, 'चालेल' म्हणेल, फारच खूश असली तर 'हं' म्हणेल. पण ओके नाही. तिच्या मते तो कामाचा शब्द होता. कारखान्यात घालायचा निळा कोट ती जसा दारातल्या खुंटीला अडकवून आत यायची, तसा हा शब्दही तिथेच अडकवून यायची.

कारखाना विजेच्या इस्त्र्यांचा. मावशी तिथे सत्तावीस वर्षं चेकर. लांबलचक शेडच्या टोकाला चेकरांची आठ टेबलं, त्यांतलं सातवं तिचं. जोडून तयार झालेली इस्त्री समोर आली की ती उचलायची, हलवून आत काही खुळखुळतंय का ते ऐकायचं, बटण फिरवायचं, वायर ओढून बघायची, तळावरून बोट फिरवायचं. मग दोन चिमटे लावून वीज सोडायची. वीज इस्त्रीच्या अंगात उतरत असेल तर लाल दिवा लागतो. नाही लागला, तर एका पुठ्ठ्याच्या कार्डावर 'ओके ७' असा शिक्का मारायचा आणि ते कार्ड दोऱ्याने मुठीला बांधायचं. आठ चेकर, आठ शिक्के. शिक्का कुणी कुणाच्या हातात द्यायचा नाही, टेबल सोडताना कुलपात ठेवायचा, हा तिथला पहिला नियम. कारखान्यात तिला नावाने कुणी ओळखत नसे. 'सात नंबर' म्हटलं की झालं.

अशा बाईला बाहेरच्या जगात ओके हा शब्द ऐकून किती त्रास होत असेल, याची कल्पना करा. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. ती त्याला मोबाइलवर मोठंच्या मोठं पत्र लिहायची: काकांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, डोळे, नळाची गळती, शेजारच्यांच्या मुलीची परीक्षा. त्यावर त्याचं उत्तर यायचं, 'ओके'. मग ती मला फोन करायची.

"अगं, ओके काय? नळ गळतोय त्याला ओके म्हणतो हा!"

"मावशी, म्हणजे त्याने वाचलं."

"वाचलं तर वाचलं म्हणावं. ओके म्हणजे बघितलं, तपासलं, दोष नाही."

मी तिला समजावायला गेले आणि स्वतःच गोंधळात पडले. कारण माझ्या ऑफिसात ओके म्हणजे 'तुम्ही काहीतरी पाठवलंय एवढं दिसलं'. माझी मुलगी ओढून ओढून 'ओकेऽऽ' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'आई, आता गप्प बस' असा असतो. ट्रक मागे घेताना पोरं 'ओके, ओके' ओरडतात त्याचा अर्थ 'येऊ दे', आणि ट्रक भिंतीला लागला की तीच पोरं तेच शब्द दुप्पट जोरात ओरडतात, तेव्हा अर्थ 'थांब'. दुकानात नवे बूट घालून आरशासमोर उभं राहिलं की नवरा म्हणतो, 'ओके आहेत'. याचा अर्थ चांगले नाहीत. मी हे सगळं मावशीला सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्हा लोकांकडे चेकिंग होतच नाही."

आमच्या घरात या बाबतीत तिची थट्टा चालायची, आणि त्यात मी सगळ्यात पुढे असायचे. सगळ्यात जास्त हसू आलं ते काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. ती तारीख आता मला पाठ आहे, तेव्हा नव्हती. ऑपरेशन दुपारनंतर ठरलं होतं, ते डॉक्टरांनी ऐन वेळी सकाळवर आणलं. मी मावशीला कारखान्यात फोन केला. ती दोन तासांची सुट्टी मागून धावत आली, कोट काढायलाही विसरली होती. आम्ही दोघी बाकावर बसलो. अर्ध्या तासाने दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, अंगठा वर केला, म्हणाले, "ओके," आणि चालू लागले.

मावशी त्यांच्या मागे धावली. अक्षरशः धावली. "डॉक्टर, ओके म्हणजे काय? तुम्ही स्वतः बघितलंत ना? का आत कुणी दुसऱ्याने बघितलं?"

डॉक्टर भांबावले. "अहो, ऑपरेशन मीच केलं."

"केलंत ते ठीक. झाल्यावर बघितलंत का?"

बिचारे परत आत गेले, बघून आले, आणि हात जोडून म्हणाले, "बघितलं. सगळं चांगलं आहे." मग कुठे ती बसली. मी तोंडाला रुमाल लावून हसत होते. पुढचे दोन महिने मी हा किस्सा भेटेल त्याला सांगितला, नकलेसकट.

दोन महिन्यांनी एका सकाळी कारखान्याच्या साहेबाने मावशीला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक इस्त्री होती. मुठीला अजून कार्ड लटकत होतं: ओके ७.

ती एका लाँड्रीवाल्याने विकत घेतली होती. पहिल्याच दिवशी तिने त्याला धरलं. हात मुठीला चिकटून बसला, बायकोने लाकडी पट्टीने वायर उडवली म्हणून वाचला. इस्त्री उघडल्यावर दिसलं की आतली वायर झाकणाखाली चेपली होती. लाल दिवा लागायलाच हवा होता. नवशिक्यालाही कळला असता असा दोष.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तुमच्या हातून असं होणार नाही हे मला माहीत आहे. वाटेत आदळली असणार. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या की इथून जाताना ओके होती. कंपनी त्याला नवी इस्त्री देतेय, औषधाचा खर्च देतेय. विषय संपला."

मावशीही तेच म्हणणार होती. सत्तावीस वर्षांत एकही इस्त्री हातात घेतल्याशिवाय तिने शिक्का मारलेला नव्हता. तिने कार्ड उलटं केलं आणि मागची तारीख वाचली. काकांच्या ऑपरेशनची तारीख.

त्या सकाळी माझा फोन आला तेव्हा तिच्या टेबलावर चाळीस इस्त्र्या साठल्या होत्या, आणि मागून माल येतच होता. शिक्का शेजारणीला देऊन जावं तर नियम आडवा, आणि सातव्या टेबलावरचा माल दुसऱ्या नंबरच्या शिक्क्याने जात नसे. नियम तिने पाळला. चाळीस कोऱ्या कार्डांवर धडाधड शिक्के मारले, कार्डं इस्त्र्यांशेजारी ठेवली, शिक्का कुलपात टाकला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला काहीतरी सांगून पळाली. या बाईला सगळे चिमणी म्हणतात. बारीक आवाजात दिवसभर बडबडते म्हणून. चिमणीने इस्त्र्या तपासायच्या आणि कार्डं बांधायची, असं मावशीच्या डोक्यात. चिमणीला दिसल्या चाळीस इस्त्र्या आणि शेजारी शिक्का मारलेली चाळीस कार्डं. त्या शेडमध्ये शिक्का मारलेलं कार्ड म्हणजे तपासलेली इस्त्री, याला कधी कुणी अपवाद बघितला नव्हता. तिने नुसती बांधली. त्यातही सात नंबरचा शिक्का. सात नंबरने बघितल्यावर पुन्हा कोण बघणार?

संध्याकाळी मावशी माझ्याकडे आली. पाणी दिलं, ते तिने तसंच धरून ठेवलं.

"मी तिला 'बघून बांध' म्हणाले का नुसतं 'बांध' म्हणाले, ते आठवत नाही गं," ती म्हणाली. "दिवसभर आठवतेय. कधी वाटतं म्हणाले होते. कधी वाटतं, आता आठवायला बसलेय म्हणून वाटतंय."

"चिमणी काय म्हणते?"

"ती म्हणते, ताई, तुम्ही काही म्हणालात की नाही तेच मला आठवत नाही. आणि रडते."

मी जरा चिडूनच म्हणाले, "मग लिहून दे ना साहेबाला हवं ते. तोच सांगतोय. चिमणीची नोकरी राहील, तुझी दोन वर्षं राहिलीत ती सुखात जातील. त्या माणसालाही नवी इस्त्री मिळतेय. कुणाचं काय बिघडलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी कुठल्यातरी परक्या भाषेत बोलतेय आणि तिला ती समजून घ्यायची आहे, असं बघितलं. मग म्हणाली, "मी डॉक्टरांच्या मागे धावले होते तेव्हा माझी कार्डं तिथे टेबलावर होती."

ते मला सुचलंच नव्हतं. ज्या किश्शावर मी दोन महिने लोकांना हसवलं, त्याच अर्ध्या तासात चिमणी कार्डं बांधत होती. त्या बाकावर मी हसत होते, ही बाई दुसऱ्याला 'बघितलंत का' म्हणून विचारत होती, आणि तिच्या स्वतःच्या चाळीस इस्त्र्या न बघता चालल्या होत्या. मला तिची दया यावी का लाज वाटावी तेच कळेना. तो किस्सा मी परत कुणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने साहेबाला दोन ओळी लिहून दिल्या. 'ही इस्त्री मी तपासलेली नाही. बाकीच्या एकोणचाळीसही नाही. त्या परत मागवाव्यात.' चिमणीचं नाव त्यात नव्हतं. साहेबाने कागद वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाला, "ओके."

बस. एवढंच. मावशी तिथेच उभी राहिली.

"म्हणजे काय साहेब?"

"म्हणजे ओके. जा तुम्ही."

आता या ओकेचा अर्थ काय लावायचा? क्षमा केली? नोंद घेतली? काढून टाकणार? का कागद नुसता खणात गेला? त्याच दुपारी साहेबाने तिचा शिक्काही मागून घेतला आणि आपल्या खणात टाकला. पगार चालू, टेबल तेच, पण काम दुसऱ्यांची कार्डं बांधायचं. ही शिक्षा आहे का विश्रांती, हेही कुणी सांगेना. विचारलं की 'ओके आहे बाई, बघू' एवढंच. ती घरी आली की काका विचारायचे, आज काही कळलं का? ती म्हणायची, "ओके म्हणाले." आणि दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. घरात तो शब्द आला तो असा.

कागद मात्र खणात गेला नव्हता. तीन आठवड्यांनी व्यापाऱ्याकडून छत्तीस इस्त्र्या परत आल्या, खोक्यांतून न काढलेल्या. विकल्या गेलेल्या तिन्हींचाही पत्ता लागला. साहेबाने त्या सगळ्या मावशीसमोर ठेवल्या आणि स्वतः उभा राहिला. एकेक चिमट्याला लागत गेली. लाल दिवा एकदाही लागला नाही. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस निर्दोष.

चिमणी आनंदाने ओरडली, "ताई, म्हणजे तुमचा शिक्का खराच होता की!"

साहेबाने खणातून शिक्का आणून टेबलावर ठेवला. "ओके, बाई?"

मावशीने शिक्क्याला हात लावला नाही. मला नंतर म्हणाली, "मला काही कळेचना गं. न बघता लिहिलं आणि खरं निघालं, तर ते खरं म्हणायचं का खोटं? एकोणचाळीस वेळा नशिबाने लाज राखली, त्याचा आनंद मानायचा का? सगळे हसत होते. मला वाटलं, यांच्यातलं कुणीतरी वेडं आहे, आणि बहुतेक मीच." साहेबाला ती एवढंच म्हणाली, "आधी त्या माणसाकडे जाऊन येते. मग घेते. जमलं तर."

रविवारी सकाळी ती मला घेऊन लाँड्रीवाल्याकडे गेली. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावरचं दुकान. दुकान म्हणजे एक लांब टेबल, वर जाड चादर, मागे फळीवर गठ्ठे. बायको जुन्या, कोळशाच्या इस्त्रीने कपडे करत होती. तो बाजूला बसून घड्या घालत होता, डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं तो सारखी अंगठ्याने चोळत होता. मागच्या कोपऱ्यात मावशीच्या कारखान्याचं खोकं होतं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं.

मावशीने प्रस्तावना केली नाही. "मी सात नंबर. तुम्हाला लागली ती इस्त्री न बघता मी शिक्का मारला होता. तेच सांगायला आले."

तो गडबडला. माणूस भिडस्त होता. "ओके, ओके ताई. असू दे. होतं कधी कधी."

मावशीने माझ्याकडे बघितलं. याही ओकेचा अर्थ तिला हवा होता, आणि मला तो ठाऊक नव्हता. बायकोच बोलली. इस्त्री आपटून ठेवत म्हणाली, "ओके कसलं? प्लगकडे बघत नाही हा माणूस. खोकं आलंय त्याला महिना झाला. कोळशावर माझ्याने निम्मे कपडे होतात. गिऱ्हाइकं चाललीत समोरच्याकडे."

"बोटं कशी आहेत?" मावशीने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले ओके आहे," तो म्हणाला. "पण ते बोटांना कोण सांगणार?"

दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर ताकाकडे बघायलाच तयार नव्हता. मी आपली शहाणी, मध्ये पडले. म्हटलं, नव्या इस्त्रीला कार्ड आहे ना, तपासलेली आहे ती. त्याने खोकं पुढे ओढलं, पट्टी सोलली आणि इस्त्री वर काढली. कार्ड होतं. ओके ३.

"कार्ड त्याही इस्त्रीला होतं, ताई," तो म्हणाला. माझ्याशी नाही, मावशीशी. आवाज चढवला नव्हता.

 मावशीने कात्री मागितली, कार्डाचा दोरा कापला आणि कार्ड खिशात टाकलं. मग इस्त्री हातात घेतली. हलवून ऐकली. बटण फिरवलं. वायर ओढून बघितली. तळावरून बोट फिरवलं. चिमटे नव्हते, लाल दिवा नव्हता. तिने प्लग भिंतीत खोचला आणि भिंतीवरचं बटण दाबायच्या आधी उजव्या हाताने मूठ घट्ट धरली. मी "मावशी!" म्हणून ओरडले. लाँड्रीवाला खुर्चीतून उठलाच. तिने बटण दाबलं.

काही झालं नाही. 

तिने इस्त्री तापू दिली. गठ्ठ्यातला वरचा शर्ट ओढला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री करायला लागली. कॉलर, बाह्या, पाठ. एक झाला, दुसरा घेतला. इस्त्री तिने कायम तपासली होती, पण करायला तिचा हात काही खास नव्हता. दुसऱ्या शर्टाच्या पाठीवर चुणी पडली. लाँड्रीवाला जवळ येऊन बघत होता. तिसऱ्या शर्टाला त्याला राहवेना.

"अहो ताई, आधी खांदा घ्यायचा. कापड ओढू नका. असं नाही."

"मग कसं?" ती म्हणाली आणि हात न काढता जरा बाजूला सरकली. मुठीवर तिचा हात तसाच. त्याने तिच्या हाताकडे बघितलं. मग आपला उजवा हात, ती दोन बोटं आखडलेली, आधी तिच्या हातावर ठेवला. दोघांनी मिळून एक खांदा केला. मग तिने आपला हात हळूच खालून काढून घेतला. मूठ त्याच्या हातात राहिली.

त्याने दुसरा खांदा केला. घाम आला होता त्याला. बायकोच्या इस्त्रीतले कोळसे विझायला लागले होते, कुणी लक्ष देत नव्हतं. बाह्या झाल्या, पाठ झाली, शर्ट उलटला, बटणपट्टी झाली. घडी घालून त्याने तो मावशीपुढे ठेवला आणि बारीक आवाजात विचारलं, "ओके आहे?"

मावशीने घडी मोडली. शर्ट खिडकीकडे उजेडात धरला, दोन्ही बाह्या उलटून बघितल्या, कॉलरखाली बोट फिरवलं.

"ओके," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट त्याच्यासमोर टाकला.